बाकावरची वही

आयुष्यात मी खरा हेवा एकाच माणसाचा केला, आणि त्याचा पुरावा माझ्याच अक्षरात एका दोनशे पानी वहीत होता. ती वही बास्केटबॉलची होती.

तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. नगरच्या आमच्या कॉलेजात सिमेंटचं एक मैदान होतं आणि त्या मैदानावर बोर्डाखालची जागा दोन वर्षं माझी होती. कोणाचा शॉट चुकला की बोर्डावरून परत येणारा चेंडू उडी मारून धरायचा, म्हणजे रिबाउंड घ्यायचा, आणि जवळून पुन्हा रिंगमध्ये टाकायचा, एवढंच माझं काम. माझी उंची सहा फूट एक इंच. कापड बाजारात आमचं दुकान होतं. घरात माझ्याएवढं उंच कोणी नव्हतं, त्यामुळे वडील गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमचा माल मापात, पोरगा तेवढा मापाबाहेर." मी वरवर लाजायचो, पण मला ते फार आवडायचं.

मग मिरजगावचा तो आला. माझ्यापेक्षा एक वर्ष मागे आणि दोन बोटं उंच. पहिल्या वर्षी त्याचा काही त्रास नव्हता, कारण तो नुसताच लांब होता. शाळेत कबड्डी खेळलेला, चेंडू हातात आला की काय करायचं ते कळायचं नाही. पळत येऊन दोन पावलांत शॉट कसा मारायचा हे त्याला मीच शिकवलं. कोणी विचारलं की मी मोठेपणाने सांगायचो, "तयार करतोय पोराला." दुकानदाराच्या घरातला म्हणून तो मला शेठ म्हणायचा आणि अहोजाहो करायचा. शिष्य असावा तर असा, असं मला वाटायचं.

नंतर बहात्तरचा दुष्काळ पडला. दिवाळीच्या सुट्टीत तो गावाकडे दुष्काळी कामावर गेला, महिनाभर खडी फोडली, पाट्या उचलल्या. मी त्याच सुट्टीत मामाकडे पुण्याला होतो आणि रोज दुपारी झोपत होतो. परत आल्यावर पहिल्याच दिवशी त्याने सदरा काढून बनियनवर खेळायला सुरुवात केली. त्याला खांदे आले होते. रिबाउंडसाठी आम्ही एकाच वेळी उडी घेतली तेव्हा त्याचा नुसता खांदा लागून मी दोन पावलं बाजूला गेलो. अर्ध्या जिल्ह्याच्या चुली थंड होत्या आणि मी एका माणसाच्या खांद्यांवर जळत होतो. हे आज लिहायला बरं वाटत नाही, पण तेव्हा वाटत होतं ते हेच.

होस्टेलच्या मेसमध्ये तेव्हा लाल मिलोच्या, म्हणजे रेशनवर आलेल्या अमेरिकन ज्वारीच्या, भाकरी मिळायच्या. त्या घशाखाली उतरत नाहीत म्हणून पोरं रडायची. तो त्या चार खाऊन यायचा आणि मी तुपाची पोळी खाऊन यायचो, आणि उडी त्याचीच उंच जायची. मला तर मिलोचाही हेवा वाटू लागला होता.

त्या हिवाळ्यात पुण्याला युनिव्हर्सिटीच्या संघाची निवड होती. बोर्डाखालच्या जागेसाठी आमच्या कॉलेजातून एकच नाव जाणार होतं. युनिव्हर्सिटीकडून खेळलेल्याला गडद निळा ब्लेझर मिळायचा, खिशावर जरीचं बोधचिन्ह असलेला. घरी कापडाचे तागेच्या तागे असून मला तो एकच कपडा हवा होता. आणि माझं ते शेवटचं वर्ष होतं. परीक्षा झाली की गादीवर बसायचं हे ठरलेलंच होतं.

त्याला काय हवं होतं तेही मला ठाऊक होतं. एका संध्याकाळी मैदानाच्या पायरीवर बूट सोडता सोडता त्याने स्वतःच सांगितलं, "शेठ, कारखान्याचे सायेब आल्ते गावाकडं. त्यांची टीम हाय. म्हनले, यंदा युनिव्हर्सिटी खेळून ये, लगेच कामाला लावून घेतो."

"आणि नाही खेळलास तर?"

"मग न्हाई. त्यांच्याकडं लई लोक रांगेत हायेत."

मी म्हणालो, "होईल रे सगळं नीट." पण नाव एकच जाणार होतं, म्हणजे एक तर त्याला नोकरी, नाही तर मला ब्लेझर. हा हिशोब तेव्हाही मला कळत होता. कळत नव्हता असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

आता आमच्या सरांविषयी सांगितलं पाहिजे, कारण सगळं घडलं ते त्यांच्यामुळे. सर सांख्यिकी शिकवायचे. खेळ त्यांच्याकडे कसा आला ते कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी जन्मात चेंडू उडवला नव्हता, शिट्टी मात्र खणखणीत वाजवायचे. आम्हा दोघांत कोण चांगला हे त्यांना नुसतं बघून ठरवता येईना. दुसऱ्या कोणी हे कबूल केलं नसतं, पण सरांनी त्याचा सिद्धांत केला. म्हणाले, "डोळ्याला आवडनिवड असते. आकड्याला नसते."

त्यांनी फळ्यावर पद्धत मांडली. खेळाडूने केलेले गुण, घेतलेले रिबाउंड आणि ज्यावरून बास्केट झालं असे पास, हे सगळं मिळवायचं. त्यातून चुकलेले शॉट आणि हातचे घालवलेले चेंडू वजा करायचे. जे उरेल त्याला तो जितकी मिनिटं खेळला त्यांनी भागायचं. येईल तो त्याचा आकडा. पोरांनी त्याला लगेच 'भाव' म्हणायला सुरुवात केली. मार्केट यार्डात कांद्याचा निघतो तसा दर सामन्यानंतर आमचा भाव निघायचा. "आज तुझा काय भाव?" असं पोरं चहाच्या गाडीवर विचारायची, आणि ज्याचा पडलेला असेल तो चहा न पिता निघून जायचा.

पण हे सगळं टिपायचं कोणी? सरांना शिट्टी असायची, शिवाय रिबाउंड कशाला म्हणतात याबद्दल त्यांची खात्री नव्हती. त्यांनी तोडगा काढला. आम्ही दोघं एकाच जागेचे, एक आत असला की दुसरा बाहेर. तर जो बाकावर बसेल त्याने वही धरायची आणि आतल्या पाचही जणांचं टिपायचं. म्हणजे त्याचा खेळ मी लिहायचा आणि माझा त्याने. सवतीचं बाळंतपण सवतीकडे द्यावं तशातली ही गत होती. सरांना मात्र त्यात काही वावगं दिसलं नाही. ते म्हणाले, "दोघंही सुशिक्षित आहात."

मी वहीत खोटं एकदाही लिहिलं नाही. हे वाक्य मी पुढे बरीच वर्षं स्वतःला ऐकवलं. मी फक्त नियम कडक लावले. तो उंच उडी मारायचा आणि गर्दीत चेंडू धरता आला नाही तर बोटांनी बाहेर आमच्या गार्डकडे, म्हणजे लांब उभं राहून चेंडू पुढे नेणाऱ्याकडे, ढकलायचा. चेंडू आपल्याला मिळायचा तो त्याच्यामुळे. पण धरला कोणी? गार्डने. मग रिबाउंड गार्डचा. त्याने पास दिला आणि पुढच्याने एकदा चेंडू आपटून मग बास्केट केलं, तर मध्ये टप्पा पडला, सबब पास धरायचा नाही. कोणी त्याच्या पायाशी वाकडा चेंडू फेकला आणि तो निसटला, तर शेवटचा हात त्याचा, म्हणून वजा त्याच्या नावावर. प्रत्येक वेळी माझ्याकडे कारण तयार असायचं. पेन्सिल कागदापासून बोटभर वर धरून मी थांबायचो आणि कारण सापडलं की काडी न मारताच ती खाली ठेवून द्यायचो.

तो रिंगखाली हात वर करून उभा राहिला की पोरी गॅलरीतून बघायच्या. मी मान खाली घालून लिहायचो, म्हणजे लिहायचो नाही. त्यातून जे सुख मिळायचं ते मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

माझ्या एक गोष्ट मात्र लक्षात आली नाही. त्याचे जे रिबाउंड मी काढून घेत होतो ते कुठेतरी जमा होत होते. आमचा गार्ड सर्जेपुऱ्यातला, साडेपाच फुटांचा, चपळ. त्याला बिचाऱ्याला उभ्या आयुष्यात बोर्ड जवळून दिसला नसेल. चार सामन्यांनंतर सरांनी बेरजा केल्या आणि चष्मा पुसून पुन्हा केल्या. रिबाउंडमध्ये गार्ड संघात दुसरा आला होता.

त्या वेळी माझं धाबं दणाणलं. कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता की वहीत घोटाळा आहे. पण सर सांख्यिकीचे होते. ते म्हणाले, "बघा, डोळ्याला हे कधी दिसलं असतं का?" आणि पुढच्या सामन्यात त्यांनी गार्डला बोर्डाखाली उभं केलं.

समोरच्या संघात दोन आडदांड गडी होते. गार्ड त्या दोघांच्या मध्ये उभा राहिला आणि पहिल्या पाच मिनिटांत तीनदा आडवा झाला. चौथ्यांदा पडला तेव्हा तिथूनच हात जोडून म्हणाला, "सर, मेहेरबानी करा, माझा भाव कमी करा." सगळं मैदान हसलं. बाकावर त्या वेळी आम्ही दोघंही होतो आणि मीही पोट धरून हसलो. शेजारचा तो तेवढा हसला नाही. माझ्या मांडीवरच्या वहीकडे बघत होता. मला वाटलं, त्याला विनोद कळला नसावा.

निवडीचा आकडा निघायच्या आधीच्या शनिवारी पोरांनी शिंगणापूरला जायचं काढलं. तो पुढाकाराने तयार झाला. तिथे घरांना दारं नाहीत आणि चोरी करील तो आंधळा होतो म्हणतात, हे जिल्ह्यातलं शेंबडं पोरही जाणतं. पुरुषांनी विहिरीवर आंघोळ करायची आणि ओलेत्याने चौथऱ्यावर जाऊन तेल घालायचं. सगळे गेले. मी थंडी वाजते म्हणून खाली उभा राहिलो. दुसऱ्याचा रिबाउंड ही चोरीत मोडते का, याचा मी तिथे उभ्या उभ्या खराखुरा विचार केला. वस्तू तिसऱ्याला दिली, आपण काही घेतलं नाही, तेव्हा चोरी नव्हे, असं ठरवलं. तरी वर गेलो नाही. तो ओल्या पंच्याने थरथरत खाली आला आणि म्हणाला, "शेठ, तुमच्या नावानं बी घातलं तेल."

मला त्याचा तेव्हाही रागच आला. माझ्या नावाने तेल घालायला याला कोणी सांगितलं होतं?

सोमवारी आकडा निघाला. दशांशाच्या दुसऱ्या घरात माझा भाव त्याच्यापेक्षा जास्त आला. सरांनी माझं नाव पुण्याला कळवलं. त्याने येऊन माझा हात दाबला. खडी फोडून झालेला त्याचा खरखरीत तळवा माझ्या हाताला लागला, आणि जिंकल्यावरही मला वाटलं, असा हात आपला असता तर चेंडू निसटला नसता.

पुण्याला जायच्या आधी मी सरांकडून वही मागून घेतली. कारण सांगितलं, स्वतःच्या चुका बघायच्या आहेत. खरं कारण निराळं होतं. मला खात्री होती की त्यानेही माझं कापलेलं असणार. ते एकदा डोळ्याने बघितलं की फिट्टंफाट झाली असती आणि मी सुखाने पुण्याला गेलो असतो. दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत ताग्यांच्या थप्पीवर बसून मी त्याने लिहिलेली पानं काढली.

त्याचं अक्षर शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं गोल होतं. माझ्या नावापुढे काड्या होत्या, आणि जिथे घोळ होता तिथे बारीक अक्षरात एकेक ओळ. "चेंडू गार्डने धरला, उडी शेठची. शेठचा." "मध्ये एक टप्पा पडला, पण पास चांगला होता. धरला." "चेंडू गेला. फेकणाऱ्याची चूक, शेठची नाही." जिथे जिथे मी पेन्सिल खाली ठेवली होती तिथे तिथे त्याने काडी मारली होती. त्याच्या पानांवर आमच्या गार्डला रिबाउंड जवळजवळ नव्हतेच. माझ्या पानांवर तेच गार्डचं शेत पिकलं होतं.

मला गणित येत होतं, आणि त्याचं काय काय कापलं ते पाठ होतं. मी दोघांनाही त्याचा नियम लावून भाव काढला. तो पुढे होता. मग दोघांनाही माझा कडक नियम लावला. तरी तो पुढे होता. मी पुढे होतो ते एकाच रीतीने, त्याला माझा नियम आणि मला त्याचा.

सरांचं घर दुकानापासून सायकलवर दहा मिनिटांवर होतं. पुण्याची गाडी दोन दिवसांनी होती. त्या दोन दिवसांत मी त्या रस्त्याने चारदा तरी गेलो असेन, आणि प्रत्येक वेळी पुढे सावेडीकडे मोकळ्या माळावर जाऊन परत फिरलो. वही परत करताना त्यातलं काही बोललो नाही. सरांनी विचारलं, "सापडल्या का चुका?" मी म्हणालो, "हो सर, दोन-चार."

पुण्यात माझी निवड झाली, ती बारावा म्हणून. युनिव्हर्सिटीच्या सगळ्या सामन्यांत मी बाकावर बसलो. तिथे कोणी वही ठेवत नव्हतं, त्यामुळे मला काही कामही नव्हतं. ब्लेझर मात्र मिळाला. गडद निळा, खिशावर जर.

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या. तो शेवटच्या वर्षाला न थांबता कॉलेज सोडून गावी चालल्याचं कळलं. मी माळीवाड्याच्या स्टँडवर गेलो. ऊन मी म्हणत होतं, डांबर चपलेला चिकटत होतं, आणि मी अंगात ब्लेझर घातला होता. त्याला दाखवायला. एवढ्या उन्हात आपण तो का घातला हे मला तेव्हाही समजत होतं आणि तरी मी तो घातला.

तो पत्र्याच्या ट्रंकेवर बसला होता. उठून उभा राहिला, खिशावरच्या जरीला बोट लावलं आणि म्हणाला, "झ्याक हाय."

मी विचारलं, "कारखान्याचं काय झालं?"

"त्यांनी कोपरगावकडला एक घेतला. युनिव्हर्सिटीवाला हुता. आता थोरला भाऊ हाय शेतावर, त्याच्या हाताखाली बगू."

मला घाम फुटला होता. मी ब्लेझर काढला आणि हातावर घेतला. मग घाईघाईने, एकदाचं उलटून पडावं तसं सगळं सांगितलं. गार्डचे रिबाउंड, टप्प्याचे पास, दोन्ही नियमांनी काढलेले भाव, आणि सरांच्या घरावरून चारदा मारलेल्या चकरा.  माझं झाल्यावर तो म्हणाला, "मला ठावं हुतं, शेठ."

"कधीपासून?"

"पयल्या मॅचपास्नं. उडी मारली की वरून बाक दिसायचा. तुमची पेन्सिल कवा हालती अन् कवा न्हाई, ते मला दिसत हुतं."

"मग सरांना का नाही सांगितलंस?"

त्याने कर्जतच्या गाडीची पाटी वाचली आणि ट्रंक उचलली. "वाटलं, मी तुमचं नीट लिवलं तर कवातरी तुमी बी माजं नीट लिवाल." दारातून आत चढताना त्याला मान वाकवावी लागली. खिडकीपाशी बसून त्याने हात केला, आणि गाडी गेली.

मी स्टँडवर हातावर ब्लेझर घेऊन उभा होतो. लाज वाटायला हवी होती, आणि ती नंतर आली, पुष्कळ आली, अजून येते. पण सगळ्यात आधी जे मनात आलं ते लाजेचं नव्हतं. तीन माणसांच्या गर्दीत, उडीच्या टोकाला, चेंडूवर हात असताना याला बाकावरची पेन्सिल दिसत होती. मला त्या मैदानावर दोन वर्षांत चेंडूखेरीज काहीही दिसलं नव्हतं. मला त्याचा हेवा वाटला.